मानलेल्या बापाला जामीन

आयुष्यात मी कुणाचं काही बुडवलं नाही. दुकानदाराची उधारी ठेवली नाही, भिशीचा हप्ता चुकवला नाही, शाळेच्या पतपेढीचं कर्ज मुदतीच्या आधी फेडलं. आणि तरी बँकेतले साहेब स्क्रीन माझ्याकडं वळवून म्हणाले, "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे. ह्यावर घराचं कर्ज होणार नाही." मी म्हटलं, दुसऱ्याच कुणाचं उघडलं असेल, नाव नीट बघा. त्यांनी बघितलं. माझंच होतं.

"तुमचं स्वतःचं सगळं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही एका कर्जाला जामीनदार आहात ना? तिथले हप्ते सारखे उशिरा जातायत. ते तुमच्याही नावावर लागतं."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिवी आली. तोंडातून आली नाही, कारण मी शिक्षिका आहे आणि शिक्षिकेनं बँकेत शिव्या द्यायच्या नसतात. इथं लिहितानाही देत नाही, पण वाचणाऱ्यानं एक सणसणीत शिवी माझ्या वतीनं समजून घ्यावी.

हर्सूलच्या बाजूला मी एक लहानसा फ्लॅट बुक केला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालायला जागा. बिल्डरला टोकन दिलं होतं, त्यानं थांबायला थोडे महिने दिले होते. मी लग्न केलं नाही. आधी बापाच्या घरात राहिले, मग भावाच्या, मग भाड्याच्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी होतं, ज्याला 'हे घर तुझं नाही' असं म्हणायचा हक्क होता. स्वतःच्या नावाचं घर, एवढी एकच हाव मी केली. सोनं केलं नाही, काश्मीर बघितलं नाही. आणि ते घर आता त्या माणसाच्या कर्जापायी अडकलं होतं, ज्याच्या घरात मी सात वर्षं भाड्यानं काढली होती.

माझे ते घरमालक म्हणजे तालेवार गृहस्थ. सरकारी नोकरीतून निवृत्त, गावाकडं शेती, शहरात दोन मजली घर. खाली ते दोघं, वर मी. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. त्यांना दोन मुलगे, लेक नाही. राहायला गेले त्या वर्षीच्या नागपंचमीला काकूंनी कासाराला घरी बोलावलं आणि माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. वर एक साडी दिली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात, त्यांना बांगड्या भरतात. माझी आई कधीच गेलेली, बाप त्याच वर्षी गेलेला. भावाला असल्या गोष्टी सुचत नाहीत. काकू म्हणाल्या, "आजपासून तू आमची लेक." मी वर जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. आज वाटतं, त्या बांगड्या तिथल्या तिथं फोडायला हव्या होत्या.

मग दोन वर्षांनी काकांना घरावर आणखी एक मजला चढवायची हुक्की आली. एका रविवारी मला खाली बोलावलं. काकूंनी गरम धपाटे वाढले, वर लोण्याचा गोळा. मी दुसरा घास तोडला आणि काका म्हणाले, "बँकेला पगारदार जामीन पायजे. थोरला धंद्यातला, त्याला कुठं पगारपत्रक? धाकटा पुण्याला, त्याच्या नावावर आधीच कर्ज. मंग म्हणलं, लेक हाय की घरात! शाळामास्तरीण. बँकवाले तर उड्या मारतेत अशा जामिनावर."

दुसऱ्या दिवशी मी हे शाळेत सांगितलं. माझी एक मैत्रीण आहे, आमच्याच शाळेत शिकवते. तिच्या माहेरचं गुलमंडीत कापडाचं दुकान, व्यवहारात पक्की. तिनं कपाळाला हात लावला. "कायकू दस्तखत करती गे तू? कागज पे बाप-बेटी कुछ नहीं रहता. नक्को कर." मला तिचा राग आला. तुम्हा दुकानदारांना प्रेमातही हिशोब दिसतो, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती बिचारी वह्या तपासायला लागली.

आणि नाही तरी कसं म्हणणार? दोन पंचम्यांच्या बांगड्या हातात होत्या. लोण्याचा गोळा पोटात होता. आमच्या भागात माणूस एकवेळ पैसे द्यायला नाही म्हणेल, पण जामीन राहायला नाही म्हणाला की तो माणसातून उठला. सोयरीक तुटते, भावकी बोलत नाही. बँकेत कागदावर 'कर्जदाराशी नाते' असा रकाना होता. काका मोठ्या आवाजात म्हणाले, "लिवा, मानलेली मुलगी." फॉर्म भरणाऱ्या बाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि 'परिचित' असं लिहिलं. तेव्हा मला ती बाई रुक्ष वाटली.

मजला चढला. वर्षभर माझ्या डोक्यावर ठोकठोक. माझ्या छताला ओल आली, पलंगाकडची भिंत फुगून पोपडे निघाले. मी कुरकुर केली नाही, लेक ना मी! मग तीन-चार वर्षांनी एके दिवशी काका वर आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाडं जरा वाढवावं लागंल. कर्जाचा हप्ता निघत नाय." म्हणजे बघा, सही माझी, कर्ज त्यांचं, आणि हप्ताही माझ्याच भाड्यातून! वाढवून तरी किती मागावं? मी म्हटलं, काका, एवढं मला झेपायचं नाही. ते म्हणाले, "मंग बघ बाई दुसरीकडं. अकरा महिन्याचा करार हाय, संपतोयच." लेक खाली राहिली, करार वर आला.

मी घर सोडलं. डिपॉझिट मागितलं तर म्हणाले, भिंत खराब केलीस, रंगाला आणि प्लास्टरला सगळं गेलं. त्यांच्या मजल्याची ओल, त्यांची भिंत, आणि पैसे माझे! चार चकरा मारल्या. काकू दारात यायच्या आणि आतून हाक आल्यासारखं करून परत जायच्या. शेवटी मी वकिलाकडून नोटीस पाठवली. मैत्रिणीनंच वकील गाठून दिला, आणि "मैंने बोला था" असं एकदाही म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा.

नोटीस पोचली आणि गल्लीभर बोभाटा झाला. 'बांगड्या भरल्या, साड्या नेसवल्या, आणि लेकीनं बापाला नोटीस धाडली.' भाजीवालीसुद्धा मला म्हणाली, "ताई, म्हाताऱ्या मानसाला कशाला कोरटात वढता?" कुणी विचारलं नाही की म्हाताऱ्यानं काय केलं.

आता काकांनी जे केलं ते ऐका. त्यांनी हप्ते बुडवले नाहीत. बुडवले असते तर बँकेनं त्यांनाही धरलं असतं. ते फक्त उशिरा भरायला लागले. बँकेचा माणूस दारात यायची वेळ आली की भरायचे, मग पुन्हा थांबायचे. दरवेळी एक डाग त्यांच्या नावावर, एक माझ्या. त्यांना काय फरक पडतो? वय झालेलं, पुन्हा कर्ज काढायचं नाही. सरकारी निवृत्त माणूस, नियमाची फट त्याला बरोबर सापडते. आणि मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तो साहेब स्क्रीन वळवेपर्यंत.

मी तशीच बँकेतून काकांकडं गेले. पायरीवर बसून ते शेंगा फोडत होते. मी म्हटलं, माझं घर अडलंय, हप्ते वेळेवर भरा. ते शेंगेतून दाणे काढत राहिले. "भरतो की. पैसे आल्यावर भरतोच हाय. तुझं काय अडलंय ते तू बघ." मग टरफलं झटकून म्हणाले, "नोटीस मागं घे. डिपॉझिट मिळालं असं लिवून दे. अन् इथं चार लोकांत सांग, चुकलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळी थकबाकी भरतो."

म्हणतात ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरी येऊन मी आरशासमोर उभं राहून त्यांना जे जे बोलले, ते त्यांच्यासमोर बोलले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण बिल्डरची मुदत डोक्यावर होती. हर्सूलचं ते स्वयंपाकघर, तिथली पूर्वेची खिडकी मला सोडवत नव्हती. मी गेले. नोटीस मागं घेतली. न मिळालेले पैसे मिळाले असं लिहून दिलं. समोरचे, शेजारचे, ती भाजीवाली, सगळ्यांच्या पुढं 'माझं चुकलं' असं म्हणाले. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काका म्हणाले, "जाऊ द्या, लेकच हाय." तेव्हा मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच सांगते, हात उचलला जाईल की काय अशी भीती वाटली.

त्यांनी पैसे भरले. दिलेला शब्द पाळला, असं ते अजून लोकांना सांगतात. मी नाचत बँकेत गेले. साहेबांनी पुन्हा स्क्रीन बघितली. "बाकी निल झाली, चांगलं झालं. पण मागचे डाग लगेच जात नाहीत मॅडम. स्कोअर वर यायला वेळ लागतो. दोन-एक वर्षांनी या." मी म्हटलं, बिल्डर दोन महिने थांबायला तयार नाही, आणि तुम्ही दोन वर्षं म्हणता? ते म्हणाले, "घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर बघा ना."

घरात दुसरं कोण? भाऊ. माझ्याहून लहान, करमाडला राहतो, शेंद्र्याच्या कंपनीत आहे. त्याचा स्कोअर लख्ख. मला सोबत अर्जदार म्हणून घेतलं तर माझ्या डागानं त्याचंही नामंजूर होणार, म्हणून कर्ज एकट्या त्याच्या नावावर आणि कर्ज त्याचं म्हणून घरही त्याच्याच नावावर. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "ताई, नाव माझं, घर तुझं. स्कोअर सुधारला की तुझ्या नावावर करून देतो." टोकन माझं, पहिली रक्कम माझ्या फंडातली, हप्ता माझ्या पगारातून त्याच्या खात्यात आणि तिथून बँकेत. रजिस्ट्री ऑफिसात त्यानं सही केली, मी मागच्या बाकावर त्याचं हेल्मेट धरून बसले.

आता मी त्याच घरात राहते, आणि माझा स्कोअरही वर आलाय. गेल्या दिवाळीत मी विषय काढला. भाऊ भावजयीकडं बघायला लागला. भावजय करंज्या तळत होती, तिथूनच म्हणाली, "आत्ता नावावर करायचं म्हणजे परत स्टॅम्प ड्युटी, परत खर्च. उगं कशाला, ताई? शेवटी तुमच्या मागं आमच्या पोरांचंच ना ते." तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच तसं वाटतं, हेच वाईट.

मागच्या महिन्यात सोसायटीची सभा होती. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टँकरच्या पाण्याचा विषय होता. आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही, मी उठून बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. मालक असतील तर त्यांना पाठवा ना. सभेत मालकच बोलतात." म्हणून परवाच्या सभेला मी भावाला करमाडहून बोलावून घेतलं. तो आला, पुढच्या रांगेत बसला, मी मागं उभी. शेजारच्या माणसानं त्याला विचारलं, "वर राहतात त्या मॅडम तुमच्या कोण?"

"मोठी बहीण," भाऊ म्हणाला. "एकटीच असते. म्हणून राहायला दिलंय तिला."

सहज म्हणाला तो. त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याच दिवशी सकाळी माझ्या खात्यातून हप्ता गेला होता. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या सभेत मला बोलायचा हक्क नव्हता.