टाक्याचं घर

सुरतेतलं ते घर आता उभं नाही. पण तिथली घटना मला आजही आठवते, आणि बहुतेक भर दुपारी, आजूबाजूला सामसूम झाली की.

मी तेव्हा जुन्या शहरातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. वडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला आलेले, त्यामुळे घरात अहिराणी, ठाण्यात गुजराती आणि आरोपीशी हिंदी, असा माझा कारभार. प्लेगची साथ येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. एके सकाळी हजेरी चालू असताना एक गवंडी दारात येऊन उभा राहिला. जमादाराने हटकलं तरी जाईना. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही आपला मानूस शेतस, म्हनीसन उनू." तुम्ही आपले आहात, म्हणून आलो.

एक जुनं घर पाडायचं काम चाललं होतं. मागच्या खोलीतली फरशी उचलताना तिच्यातलं टाक्याचं झाकणही निघालं. सुरतेच्या जुन्या घरांत पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली असं टाकं असतं; तोंड अरुंद, पोट मोठं. आत टॉर्च मारला तर हाडं दिसली. कंत्राटदार म्हणाला, रेती टाका आणि बुजवा. हा मात्र दुपारच्या सुट्टीची वाट न बघता थेट माझ्याकडे आला.

गवंड्याच्या मागे त्या गल्लीत शिरलो आणि दार बघून थांबलो. ते दार मी आधी पाहिलं होतं. कधी, ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. टाक्यात एका पुरुषाची हाडं होती, आणि गाळात चांदीचा एक छोटा ताईत. टाक्याचं तोंड बंद होतं. आत पडलेला माणूस वरून झाकण लावत नाही, म्हणून मी खुनाच्या अंगाने तपास सुरू केला. त्यासाठी त्या घरात कोण कोण राहून गेलं, हे काढणं भाग होतं.

गल्लीत ज्याला विचारावं तो पहिल्यांदा एकच गोष्ट सांगे. मूळ मालक जरीचे व्यापारी. त्यांची एक सून फार पूर्वी टाक्यात पडून मेली, आणि ती अजून आतून भिंत वाजवते. पानवाल्याने तर मला विचारलं, "साहेब, वहूनी हाडकां छे के भाडूतनां?" सुनेची की भाडेकरूची? मी म्हटलं, पुरुषाची आहेत. तो थोडा नाराजच झाला.

व्यापाऱ्यांचं कुटुंब नदीपलीकडे राहायला गेलं होतं. त्यांचा नातू आता चाळिशीचा. सुनेचं विचारल्यावर तो हसला. "साहेब, आमच्या घरात कोणी सून पाण्यात गेलेली नाही. आम्ही पोरं झाकणावर उड्या मारायचो. भीती बसावी म्हणून घरातल्या बायकांनी ती गोष्ट रचली. मग शेजारच्यांनीही त्यांच्या पोरांना सांगितली." त्यांच्यानंतर घर बरीच वर्षं रिकामं होतं, आणि मग त्यांच्या मेहताजींनी, म्हणजे मुनीमांनी, ते लूम कामगारांना भाड्याने दिलं.

मेहताजी भाडं पाळीवर लावत. दिवसपाळीची माणसं रात्री झोपायची, रात्रपाळीची दिवसा, त्याच सतरंज्यांवर. निम्म्यांनी निम्म्यांची तोंडंही नीट पाहिलेली नसत. शेवटी निघेल त्याने कुलूप लावायचं, एवढाच नियम. मेहताजींना ठाण्यात बोलावलं. झाकणाचं विचारताच ते सांगू लागले. साथ ओसरल्यावर त्यांनी घर उघडलं तेव्हा टाकं उघडं होतं आणि घाण वास येत होता. "त्या दिवसांत वास म्हटला की उंदीरच, साहेब. मी नाक दाबून चुना टाकला, झाकण लावलं. वाकून बघायची माझी छाती झाली नाही." पुढे नवे भाडेकरू आले, त्यांतलं कोणी झाकणावर अंथरूण टाकत नसे. विचारलं तर म्हणत, खालून गार लागतं.

खून नव्हता, हे तिथेच माझ्या लक्षात येऊ लागलं. पण मेलेला कोण?

जुने भाडेकरू शोधायला महिना गेला. एक पांडेसऱ्यात रंगाच्या कारखान्यात सापडला, दुसरा पर्वत पाटिया भागात साड्यांचे गठ्ठे वाहत होता. पहिला दिवसपाळीचा, दुसरा रात्रपाळीचा. वेगवेगळं बसवून साथीनंतर कोण पुन्हा दिसला नाही ते विचारलं, तेव्हा दोघांनीही एकाच माणसाचं नाव घेतलं, आणि तो कुठे गेला म्हटल्यावर दोघांनीही दुसऱ्या पाळीकडे बोट दाखवलं. मग मी त्यांना समोरासमोर आणलं.

"तो तुमच्याबरोबर गावाला गेला ना?" दिवसपाळीवाला म्हणाला.

"आमच्याबरोबर कुठला? आम्ही कारखान्यातूनच पळालो, खोलीवर आलोच नाही. त्याला ताप होता, म्हणून तो त्या रात्री कामाला नव्हता."

"ताप होता तर खोलीत का नव्हता मग? रात्री आम्ही सगळे तिथेच होतो."

रात्रपाळीवाला खाली बघत म्हणाला, "रात्री जागा तुमची. तो तुमच्या जागेवर कसा झोपेल? माळ्यावर गेला असेल."

दिवसपाळीवाला मान हलवत राहिला. "सकाळी गलका झाला, प्लेग आला, पळा. मी शेवटी निघालो. कुलूप मीच लावलं, साहेब. वर कोण बघतो?" आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. त्याच्यावर हात उगारायचा म्हणून मी बाह्या सावरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

तापाने फणफणलेला माणूस बंद घरात उठला. पाणी संपलेलं असणार. त्याने टाक्याचं झाकण सरकवलं आणि वाकला.

आता राहिली शेजारची म्हातारी. मधली भिंत सामाईक. सगळी गल्ली पळाली तेव्हा ती एकटी मागे राहिली होती. तिचा जबाब घ्यायला मी जमादाराला घेऊन गेलो. दुपार होती. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"भिंत वाजायची," ती म्हणाली. "थांबून थांबून. माणसाचा आवाज होता की नाही, ते ठाऊक नाही, मला कमी ऐकू येतं. मी म्हटलं, वहू आज दुपारीच उठली. दिवा लावला, हात जोडले." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "एक पोलीस आला. कुलूप ओढून बघितलं. तेव्हा आतून दार वाजलं, खूप जोरात. मी खिडकीतून बघत होते. साहेब, तमे ज हता ने?"

तुम्हीच होतात ना, असं तिने विचारलं. मी होतो.

साथीच्या दिवसांत बंद घरं फुटत होती. कुलपं शाबूत आहेत का, हे हाताने ओढून पाहायची गस्त आमच्यावर होती. तोंडाला रुमाल बांधून मी आणि हाच जमादार फिरत होतो. त्या दाराशी येण्याआधी तो म्हणाला होता, "इथे थांबू नका साहेब, हे टाक्याचं घर. इथली मेलेली सून आतून भिंत वाजवते." मी कुलूप ओढलं, आणि आतून दारावर थापा पडल्या. मी मागे सरलो. सुनेला भ्यालो की प्लेगला, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. रस्त्यावर आल्यावर मी जमादाराला म्हटलं, "उंदीर असतील." तो हो म्हणाला.

म्हातारी बोलून थांबली. जमादाराचं पेन "भिंत वाजायची" या शब्दांवर थांबलं होतं.

"पुढे काय लिहू, साहेब?"

"एवढं पुरे आहे."

त्याने जबाब वाचून दाखवला, तिने अंगठा दिला. ती हरकत घेईल असं मला वाटलं होतं. तिने पुन्हा तांदळात बोटं घातली.

ताईत ओळखायला त्याच्या बायकोला गावाहून बोलावलं. सासरचे तिला दोन वर्षं सांगत होते की त्याने सुरतेत दुसरी केली. तिला घराबाहेर काढलं होतं. ती भावाकडे राहून निंदणी-खुरपणीला जायची. टेबलावरचा ताईत तिने उचलला, पदराने पुसला. "मीच बांधेल व्हता," म्हणाली. आणि विचारलं, "त्यास्नी माले सोडेल नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही, ताई. ते घराबाहेरच पडले नव्हते." नवऱ्याच्या मरणाची खबर ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर एवढी सुटका मी पाहिलेली नाही. सासरी दाखवायला तिला दाखला हवा होता. तो मी स्वतः बसून लिहिला.

निघताना ती वळली. "हाक मारी व्हई का त्यास्नी?"

"नाही. तापात शुद्धच नसणार."

अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. काही वर्षांनी मी लवकर निवृत्ती घेतली; लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गावी जाऊन सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तुम्ही कुलूप वढं तवय त्यास्ले वाटनं व्हई, कोनीतरी उनं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते एवढंच आहे. घराची गोष्ट माणूस आधी ऐकतो, आणि मग घरातून येणारा आवाज त्या गोष्टीतलाच वाटतो. मी शिकलेला, वर्दीतला, तरी मला तसाच वाटला. त्या दाराशी उभं राहून मी "कोण आहे?" इतकंही विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर माझ्या घरच्या बोलीत आलं असतं.