म्हातारा काय म्हणतो

भोरच्या कचेरीसमोर टेबल मांडून मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले; परंतु माझ्या मसुद्यात खोट काढण्याचे धाडस कचेरीतल्या एकाही कारकुनाने केले नाही, हे इथे नम्रपणे नोंदवतो. इंग्रजी मात्र जेमतेम अक्षरओळखीपुरते होते. तरीही इंग्रजी पत्र घेऊन वेल्ह्याहून दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाला ‘मला हे वाचता येत नाही’ असे मी कधी म्हटले नाही. म्हटले असते तर तो शेजारच्या टेबलावर गेला असता. पत्र कुठून आले ते शिक्क्यावरून कळते, प्रकरण कोणते ते आकड्यांवरून आणि तारखांवरून. उरलेले अनुभवाने भरता येते. बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

घरात हे कौतुक फक्त धाकट्या मुलीला होते. अण्णांना सगळं वाचता येतं, असे ती शाळेत सांगे. तिची आई तसे काही सांगत नसे.

ही नव्वदनंतरच्या काळातली गोष्ट. त्या वर्षी धाकटी पानशेतकडच्या आजोळी कठड्यावरून पडली आणि तिच्या पायाला दीड महिन्याचे प्लास्टर बसले. वय अकरा. पुण्याच्या मामाने तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. त्याबरोबरच्या बदके मारायच्या कॅसेटीला ती आठवड्यात विटली. बाजारपेठेत टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा अशा कॅसेटी ठेवत. त्यांच्याकडे मी गेलो, तेव्हा त्यांनी तलवारीचे चित्र असलेली एक कॅसेट पुढे केली.

“तीन दिवस लावून बघा, वकीलसाहेब. पटली तर ठेवा, न्हाई तर परत आणा. ह्यात नुसती मारामारी न्हाई. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, बळ वाढवायचं. डोकं लागतंय.”

किंमत पाहता ती तपासल्याशिवाय घेणे मला मान्य नव्हते. मी मुलीला तसे सांगितले. “तीन दिवस आपण दोघे परीक्षा घेऊ. योग्य ठरली तर घेऊ.”

“तुमी वाचा, मी खेळते,” ती म्हणाली.

चौकोनी ठिपक्यांनी बनलेला एक वीर पडद्यावर उभा राहिला. ठिपके इतके मोठे होते की त्याला नाक नव्हते. तरी तो चालताना त्याच्या पाठीवरचा शेला हलत असे, हे पाहून मला आश्चर्य वाटले. विहिरीपाशी पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. वीर त्याच्याजवळ गेला तेव्हा खाली काळी चौकट उघडली आणि तीत इंग्रजी अक्षरे उमटली. चार ओळी. शिक्का नाही, आकडा नाही, तारीख नाही.

“म्हातारा काय म्हणतो, अण्णा?”

मी चष्मा नीट केला. “म्हणतो, हे वीरा, उत्तरेकडे जा.”

“उत्तर म्हंजे वरची बाजू?”

“अर्थात.”

ती वर गेली. पूल ओलांडताच रानडुकरासारखी दोन जनावरे आली आणि त्यांनी वीराला दोन धडकांत लोळवले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा विहीर, पुन्हा म्हातारा.

“आता काय म्हणतो?”

“धीर धर, म्हणतो. शूराला माघार नाही.”

“पण अक्षरं तर तीच हायत.”

“अर्थ प्रसंगानुसार बदलतो,” मी म्हणालो. माझ्या धंद्यात हे खरेच आहे.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. “कचेरीत पण असंच वाचता व्हय? बिचारी लोकं डोंगरातून येत्यात.”

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तेव्हा मुलीने वहीत काळजीपूर्वक नकाशा काढलेला होता. पुलापलीकडे तिने फुल्या मारल्या होत्या. वीर जिथे जिथे पडला, तिथे. मी त्या मोजल्या नाहीत. रात्रीपर्यंत मी खेळातल्या आणखी तीन माणसांची बोलणी वाचली, आणि तिघांनीही तिला उत्तरेकडेच पाठवले. पहिल्या दिवसाशी विसंगत असे काही लिहून देणे मला शक्य नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिने यंत्र स्वतःच बंद केले.

“नको अण्णा. परत द्या. कॅसेट फसवी हाय. म्हातारा खोटं बोलतो.”

म्हातारा खोटे बोलत नाही, हे त्या घरात मला एकट्याला ठाऊक होते. तोंड उघडले, पण निघाले ते एवढेच, “तुझी मर्जी.”

दुकानात चाचांनी कॅसेट उलटसुलट पाहिली. “काय झालं? आमच्या लेकीनं तर आठ दिवसांत पुरी केली.”

“पुलाच्या पुढे जाता येत नाही.”

“असं कसं? म्हातारा सांगतो की. आधी खालच्या गुहेतली ढाल घे, मग पूल ओलांड. न्हाईतर मरशील.” मग ते म्हणाले, “वाचलं न्हाई का कुणी?”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. त्यातला एक किकवीचा, त्याचे पत्र मी महिन्यापूर्वीच वाचून दिले होते. मी कॅसेट विकत घेतली.

घरी येऊन मी ती यंत्रात स्वतः बसवली. “खालच्या बाजूला गुहा आहे. तिथे ढाल मिळते. ती आधी घ्यायची.”

“कुणी सांगितलं?”

“चाचांनी.”

तिने ढाल घेतली, पूल ओलांडला. जनावरे आली, धडकली आणि मागे फेकली गेली. मला वाटले ती ओरडेल. ती पडद्याकडे बघत राहिली.

“म्हंजे म्हातारा खरं बोलत होता,” ती म्हणाली.

त्या क्षणी सांगता आले असते. एक वाक्य होते, आणि वाक्ये तर मी दिवसभर लोकांना विकत असे.

पुढच्या गावात एक बाई भेटली. काळी चौकट उघडली. सवयीने मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला.

“राहू द्या, अण्णा,” ती अगदी मायेने म्हणाली. “माझी मी बघते.”

आणि तिने बटण दाबून चौकट मिटवली. उरलेले चार आठवडे तिने त्या खेळातले एकही अक्षर माझ्याकडून वाचून घेतले नाही. चुकत, मरत, वहीत फुल्या मारत ती पुढे जात राहिली. मी शेजारी बसून असे.