दोघांची सीट

चष्म्याच्या काचा घासून पोट भरणारा हा माणूस. सगळे त्याला काचवाले म्हणत. आठवडाभर मान मोडून काम करायचे, पण रविवारी सकाळी गाडीवर बसले की काचवाले खुलायचे. गाडी तरी काय, साधी, काळी, जरा खोकणारी. त्यांचा मात्र तिच्यावर भारी जीव. मागे बायको बसायची. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. वाटेत काही दिसलं की बायको त्यांच्या खांद्यावर बोटांनी टकटक करायची. एकदा म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा. मग दोघं एखाद्या पुलावर उभं राहून खालचं पाणी बघत बसायचे. कोणाला दाखवायचं नव्हतं की सांगायचं नव्हतं. सुख म्हणतात ते हेच, पण त्या वेळी कळेल तर शपथ.

पन्नाशीत बुवांना मिरवायची हौस आली. चष्मा करायला आलेल्या, औषध कंपनीत नोकरीला असलेल्या एका औषधविक्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये या की. फक्त ती लांब सीट काढून एकट्याची बसवा. लोक वळून वळून बघतील."

झालं. मेकॅनिकने लांब सीट काढली, मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दांडेही काढले.

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"अगं, दोन-तीन महिने. हौस भागली की लावू परत."

ती वाद घालणारी नव्हती. त्या रविवारी ती कपाट आवरत बसली.

दोन-तीन महिन्यांची नऊ वर्षं झाली. दर रविवारी हॉटेलाबाहेर ओळीने गाड्या लावायच्या, पोट आत ओढून फोटो काढायचे, आणि कोण बघतंय ते बघायचं. घरी आल्यावर बायको विचारायची, "काय काय बघितलंत?" आणि या गृहस्थाला वाटेतलं एक झाडसुद्धा आठवायचं नाही.

पुढे औषधविक्याची बदली झाली, बाकीच्यांनी मोटारी घेतल्या, ग्रुप मोडला. एका रविवारी काचवाले एकटेच जुन्या पुलावर जाऊन थांबले. पाणी तेच होतं. शेजारी कोणी नव्हतं. स्वतःची इतकी लाज त्यांना आधी कधी वाटली नव्हती. तसेच घरी आले आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

लांब सीट जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. धुळीचा कण नाही. कव्हर उसवलं होतं तिथे बारीक टाके घातलेले.

"दरवर्षी ऊन दाखवायचे तिला," बायको खालून म्हणाली. "नाहीतर आतला फोम कुजतो म्हणे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्हीच म्हणाला होतात, हौस भागली की लावू. मी वाट बघत होते."

काचवाले सीट घेऊन खाली उतरले आणि पाना घेऊन बसले. दुपारपर्यंत सीट बसली, दांडे बसले. बायको बूट घालून तयार होऊन आली. काचवाल्यांनी गाडी सुरू केली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलला. उचलला म्हणजे, उचलायला गेली. दोन वर्षं तिचं कमरेचं हाड धरलं होतं. गोळ्या हेच आणून द्यायचे, पण त्या दुखण्याचा या सीटशी काही संबंध असेल, हे यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी गाडी तिच्या बाजूला कलती केली. स्टूल आणलं. एका अंगाने बसवून पाहिलं, तर तिला तोल सावरेना. ती पुन्हा खाली उतरली.

"घाई नाही," काचवाले पुढे बघतच म्हणाले. "सावकाश बस. मी धरतो गाडी."

तिने त्यांच्या खांद्यावर बोटांनी टकटक केलं. दोनदा.

काचवाल्यांनी इंजिन बंद केलं, आणि कितीतरी वेळ मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.