घरून चालू होणारी मोटार

ऑफिसात माझा हुद्दा इतका लांब होता, की ओळखपत्र दोन्ही बाजूंनी छापावं लागलं. काम मात्र ओळभर: शेतकऱ्याच्या हातात मोबाईल द्यायचा, आमचं ॲप उघडायचं आणि माणूस कुठं अडतो ते वहीत उतरवायचं. विहिरीवरच्या स्टार्टरला आम्ही एक बॅटरीवरची पेटी जोडून दिली होती. घरबसल्या एकदा बटन दाबलं, की हुकूम पेटीत जाऊन बसायचा. मग जेव्हा जेव्हा लाईट येईल तेव्हा मोटार आपोआप चालू. ढोकीच्या अलीकडच्या एका गावात अशा चौदा पेट्या बसवल्या. तेरा घरी बटन असं चाललं, की गावानं मला दत्तक घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

चौदाव्या घरी सूनबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. ऊन असं, की माझा फोन दोनदा तापून बंद पडला आणि तिसऱ्यांदा त्यानं जांभई दिलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

“ताई, दाबा.”

“लाईट न्हाय की.”

“बाराला येईल. तेव्हा होईल चालू.”

बोट पुढं आलं, मागं गेलं. “आमी असं न्हाय करत, साहेब. विहिरीत कुणी उतरलं की पायताण काढून स्टार्टरच्या पेटीवर ठेवतंय. ते न्हाय ना, हे बघून मगच मोटार चालू करताव.”

मी फार समजूतदारपणे मान हलवली आणि वहीत लिहिलं: ‘बटन दाबायला कचरतात. बटन मोठं आणि हिरवं करावं.’

“आत्ता या उन्हात कोण उतरतंय? दाबा बिनघोर.”

“तुमी शिकलेली माणसं,” त्या हसल्या. “तुमाला पायताण बी मोबाईलवर दिसत असंल.” आणि दाबलं.

‘हुकूम मिळाला,’ पडद्यावर अक्षरं आली.

“मामांना सांगून ठेवते,” म्हणत त्यांनी सासऱ्यांना फोन लावला. घंटी आमच्या पाठीमागं वाजली. खुंटीवर सदरा होता, त्याच्या खिशात.

सूनबाईंच्या मांडीवरचं सूप खाली गेलं, शेंगा ओसरीभर झाल्या.

“साहेब, मामा फोन कधी इसरत न्हाईत. विहिरीत उतरायचं असलं तरच घरी ठेवतेत. बंद करा ते!”

मी ‘रद्द’ दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. एरवी त्या गावात रेंज अशी, की म्हशीलाही फोन लागावा. आज गोल फिरतोय तो फिरतोयच. बाराला सहा मिनिटं कमी.

मी मोटारसायकल काढली. सूनबाई मागं बसल्या, पदर दातात धरून. तो रस्ता मी कसा हाणला ते विचारू नका; दोन बांध तर चाकाला कळलेसुद्धा नाहीत. बढाई मारायला एवढंच बरं आहे. अर्ध्या वाटेत उसापलीकडं कुणाची तरी बिनपेटीची मोटार घुर्र झाली. मग आणखी एक. लाईट आली होती.

“आली,” सूनबाई एवढंच म्हणाल्या.

आमची पेटी लाईट आल्यावर दोन मिनिटं तरी थांबते, कुठली थोडी जास्त. सगळ्या मोटारींचा भार एकदम पडू नये, म्हणून आम्हीच ती तशी केली होती. मी मनात आकडे म्हणत होतो आणि नव्वदीच्या पुढं चुकलो.

स्टार्टरच्या पेटीवर पायताण होतं. व्यवस्थित, जोडीनं, टाचा माझ्याकडं करून ठेवलेलं. मी गाडी टाकेपर्यंत सूनबाई पोचल्या होत्या. त्यांनी फ्यूज उपसला. पेटीतून ‘टक’ असा आवाज आला. हुकूम बजावला गेला होता. वीज तेवढी नव्हती.

खाली विहिरीत मामा तिथंच बसवलेल्या मोटारीच्या मागचं झाकण काढून, जाम झालेला पंखा बोटांनी फिरवत होते.

“लाईट आली व्हय गं?” त्यांनी खालूनच विचारलं.

ते वर आल्यावर सूनबाईंनी सांगितलं. माझं नाव मध्ये आणलं नाही. “मामा, मोटार म्या चालू केलती. घरून.”

म्हाताऱ्यांनी हात पुसला. पाची बोटं उघडली, मिटली. मग माझ्याकडं बघितलं. “साहेब, असल्या पेट्या किती बसवल्यात?”

“चौदा.”

“सगळ्यांनी दाबलंय?”

“मीच दाबून घेतलं. चार दिवसांत.”

ते कान देऊन उभे राहिले. शिवारात एकामागून एक मोटारी घुरघुरायला लागल्या होत्या, माझ्या मोटारी, वेळेवर, एकही न चुकता. त्यातली कोणती कुणाच्या डोक्यावर चालू झाली, हे माझ्या पडद्यावर कुठंच नव्हतं.

आम्ही तिघं निघालो. प्रत्येक विहिरीवर मामा वाकून हाक मारायचे, “हाय का कुणी खाली?” मोटारीच्या आवाजात उत्तर ऐकू यायचं नाही. कुणी नाही म्हणून उत्तर नाही, की आहे म्हणून नाही, ते कळायला फ्यूज काढावा लागायचा आणि पाणी शांत होईपर्यंत थांबावं लागायचं.

सात विहिरी झाल्या होत्या. सहा राहिल्या होत्या.