गाडीत विणलेली बाज

तांदूळ अर्धेच निवडून झाले होते, तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांची, म्हणजे तेजराम मामाजींची हाक आली. मामाजी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. काम सुटल्यावर त्यांनी एक जुनी फोर बाय फोर व्हॅन घेतली आणि करडी गावातल्या आमच्या अंगणात तिचं फिरतं घर करायला काढलं. सासूबाईंना बुद्धगयेला न्यायचं आणि वाटेत गाडीतच मुक्काम करायचा, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

आज प्लायवूडचा पलंग बसला. सासूबाई त्यावर पडल्या आणि लगेच उठल्या. त्यांची कंबर बाजेला सरावलेली.

"फळीवर निजून मी गयेले नाही येत. तुमीच जा एकटे."

मामाजींनी फळी काढली, लोखंडी चौकट तेवढी ठेवली आणि मग मला ती हाक मारली. "भावना, दोरी धर. बाज गाडीतच विणू."

मी तांदळाचं सूप ठेवून गेले. आम्ही विणू लागलो, तशा सासूबाई दारातूनच ओरडल्या, "काहून ढिली सोडून राहिले? गया येईपर्यंत माही पाठ खाली टेकन ना!"

मला बाजूला सारून त्या स्वतः आत चढल्या आणि दोरी ताणायला बसल्या. विणून झाल्यावर जरा आडव्या झाल्या, त्या माझी डाळ शिजली तरी उठल्या नाहीत. मामाजी हसून म्हणाले, "आता येते हे."

संध्याकाळच्या वंदनेत मी दोघांच्या सुखरूप प्रवासाची कामना केली. उद्या खिडक्यांसाठी मच्छरदाणीची जाळी आणायला मी भंडाऱ्याला जाणार आहे.