हात छापले, चेहरा नाही

तात्या गेले.

माझे रंगलेले हात पहिल्या पानावर छापणारा आणि माझा चेहरा हट्टाने लपवणारा माणूस आज सकाळी गेला.

महाडात त्यांचं साप्ताहिक होतं. चार पानं, छपाईचं एक पायाने चालणारं ट्रेडल मशीन आणि तात्या. संपादक तेच, खिळे जुळवणारे तेच, एसटीत गठ्ठे चढवणारेही तेच.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. एमआयडीसीत नवे कारखाने येत होते. मी बिरवाडीच्या बौद्धवाडीतली, आठवीत शाळा सोडलेली. रंगाच्या एका कारखान्यात आम्ही पोरी पुड्या भरायचो.

कुणी वय विचारलं तर "अठरा" सांगायचं. हे मुकादमाने पढवलेलं.

हात कोपरापर्यंत गुलाबी. कितीही घासा, भाकरीला रंग लागायचाच.

ते हात तात्यांनी बाजारात पाहिले आणि कॅमेरा घेऊन थेट घरी आले. दारातूनच "जयभीम, ताई" म्हणाले.

आई घाबरली. "तात्या, पोरीचं तोंड छापू नका हां. उद्या तिला कोन करून घेल?"

"चेहरा नाही, नाव नाही. फक्त हात. शब्द देतो."

फोटोचा ब्लॉक, म्हणजे छापायचा धातूचा ठसा, मुंबईहून बनून आला. पेपरात माझे गुलाबी हात काळे दिसत होते. खाली एकच ओळ: या हातांत वही हवी.

आणि त्याच अंकात, शेवटच्या पानावर, त्याच कारखान्याची मोठी जाहिरात! पेपर चालायचा तो तिच्यावरच.

कारखान्याच्या शेठनी जाहिरात बंद केली. आम्हा सगळ्या पोरींनाही गेटबाहेर काढलं.

आई तणतणत छापखान्यात गेली. मी मागे.

"तुमचं छापून झालं, तात्या. आता चुलीत काय घालू? तुमचा पेपर? घरात कायपन नाय हाय."

तात्यांनी हातातले खिळे खाली ठेवले. मग पायात चपला सरकवल्या. "चला," म्हणाले, आणि आम्हाला घेऊन थेट शेठच्या ऑफिसात.

"शेठ, पोरींना काढलंत ते बरोबर केलंत. आता त्यांच्या आयांना घ्या."

शेठ भडकले. "माझी अब्रू घालवलीत, आणि वर माणसं लावायला सांगता?"

"उद्या या पोरी पलीकडच्या शेडमध्ये जातील. तिथला मालक मला दारात उभं करणार नाही. तुम्ही निदान खुर्ची दिलीत."

शेठ काही लगेच विरघळले नाहीत हां. "बघू," एवढंच.

मग तात्या रोज दुपारी कारखान्याच्या गेटवर. तिथल्याच बाकावर बसून प्रुफं तपासायचे. पुढे पुढे वॉचमन त्यांना चहा द्यायला लागला.

अखेर एक दिवस शेठ स्वतः बाहेर आले.

"आयांना घेतो. हातमोजेही देतो. पण पोरगी शाळेत दिसली नाही, तर जाब विचारायला मी येईन."

आणि आलेही! शाळेपुढे मोटार थांबली तेव्हा आमच्या हेडमास्तरांची जी तारांबळ उडाली, ती आठवून आजही हसू येतं.

मी दहावी पास झाले. थर्ड क्लास. हसू नका.

निकालानंतर पेपरात पहिल्या आलेल्यांचे फोटो यायचे. तात्या कॅमेरा घेऊन पुन्हा आमच्या दारात.

"तात्या, माझा कुठे नंबर आलाय?"

"नंबराचं राहू दे गो. या वेळी चेहरा. नावासकट."

माझी वेणी आईने घातली. फोटोखाली अभिनंदनाची जाहिरात होती. शेठची.

आज त्याच औद्योगिक वसाहतीत माझं छोटं पॅकिंग युनिट आहे. "अठरा" म्हणणारी एखादी कोवळी पोर आली की मी एकच विचारते: आई काय करते?

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये चॅनेलवाले आहेत, पोर्टलवाले आहेत, कारखानदारही आहेत. म्हणून स्पष्टच लिहिते.

व्ह्यूजसाठी पोरांचे रडके चेहरे दाखवू नका. आणि बातमी लावून घरी जाऊ नका, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारखानदारांनो, असा कुणी दारात आला तर त्याला खुर्ची द्या. राग येऊ दे, पण खुर्ची द्या.

आईला काम आणि पोरीला शाळा, मी तरी हे सोडणार नाही.

तात्यांनी स्वतःचा फोटो आपल्या पेपरात कधी छापला नाही. "ब्लॉक फुकट जाईल," म्हणायचे.

आज मी इथे लावतेय. या वेळी चेहरा तुमचा.

अखेरचा जयभीम, तात्या.