डाव्या पायाची क्लिप

कमलाकर गांगल महाडच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. पोलादपूरहून वर चढणाऱ्या घाटाची वळणं ते फळ्यावर डोळे मिटून काढत. सावित्री नदीला गांधारी कुठे मिळते हे त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पन्नाशीतही विसरली नसतील. एवढा शिकला-सवरला माणूस, पण त्याला सायकल येत नव्हती. आणि सायकल न येणारा हा गृहस्थ नऊ वर्षं एका सायकल मंडळाचा अध्यक्ष होता.

सायकल न येणं हा काही गुन्हा नव्हे. लहानपणी वडिलांनी हात लावू दिला नाही, पडशील म्हणून. मग मॅट्रिक झाली, बी.एड. झालं, नोकरी लागली, आणि गुडघे फोडून घ्यायचं वय निघून गेलं. लग्न होऊन सुनीती पेणहून आली ती स्वतःची लेडीज सायकल घेऊनच. प्राथमिक शाळेत शिकवायला ती रोज सायकलवर जाई, पाठ अशी ताठ की पोलिसाने सलाम ठोकावा. "तुम्ही नाही का चालवत?" असं तिने एकदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मला चालायला आवडतं." यात खोटं काही नव्हतं.

खोट्याची सुरुवात झाली अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत, चकल्या खाताना. आळीतच राहणारी सरांची धाकटी बहीण वैदेही आणि तिचा मुलगा आमोद फराळाला आले होते. सरांच्या मुलीला, वल्लरीला, नुकतीच छोटी सायकल मिळाली होती. सुनीती सहज म्हणाली, "एखाद्या रविवारी आपण सगळे सायकलवर पाचाडपर्यंत जाऊ या की." झालं! सरांना नियम लिहायची भारी हौस. त्यांनी कागद ओढला आणि तिथल्या तिथे 'सुखरूप सायकल मंडळ' स्थापन केलं. नियम तीन. शर्यत लावायची नाही. चढ आला की उतरून चालायचं, त्यात कमीपणा मानायचा नाही. आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल त्याला भज्यांची पहिली बशी, कारण सगळ्यात जास्त दमलेला तोच असणार. अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव लिहून ते मोकळे झाले.

"पण मामा, तुमची सायकल कुठाय?" आमोदने विचारलं.

त्या क्षणी 'मला येत नाही रे' एवढे चार शब्द बोलले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण सात वर्षांची वल्लरी तोंडाकडे बघत होती. "आणतो की!" सर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच एक जुनी, चेनकव्हर गळून पडलेली सायकल हातात धरून घरी घेऊन आले.

पहिल्या रविवारी पँटला क्लिप लावून ते अंगणात उभे राहिले. "तुम्ही व्हा पुढे, मी हवा भरून येतो," म्हणाले. सगळे गेले. सर सायकल ढकलत रायगडच्या रस्त्यापर्यंत आले आणि आता काय करावं या विचारात थांबले, तेवढ्यात सोनबाचा टेम्पो समोर येऊन उभा राहिला. सोनबा पाचाडकडचा शेतकरी. सकाळी महाडला दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत निघालेला.

"मास्तर, चाकात हवा नाय वाटतं? टाका सायकल मागं."

सरांना देव भेटल्यासारखं झालं. पण रस्ता एकच आणि पुढे सगळं मंडळ! मग काय करणार, अध्यक्ष कॅनांच्या मागे बसले आणि अंगावर ताडपत्री ओढून घेतली. पाचाडच्या एक वळण अलीकडे उतरले, बाटलीतलं पाणी कपाळाला लावलं आणि साळूबाईच्या टपरीसमोर चहा सांगून बसले. हिरकणीवाडीची ही साळूबाई रविवारी खाली पाचाडला भजी तळायला यायची.

दोन तासांनी मंडळ आलं. आधी शीळ घालत आमोद, मग सुनीती आणि वल्लरी. शेवटी वैदेही, जी समोरून ट्रक दिसला की सायकलवरून उतरून शेतात उभी राहायची.

"अय्या! तू आमच्या आधी? कुठून आलास?" वैदेहीने धापा टाकत विचारलं.

सर गंभीरपणे म्हणाले, "भूगोल."

हा एक शब्द नऊ वर्षं पुरला. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एक रविवार मंडळ निघे, आणि दर वेळी नेमका सोनबाचा टेम्पो त्याच कोपऱ्यावर भेटे. सरांना कोणती तरी आडवाट ठाऊक आहे आणि त्यांचे पाय पोलादी आहेत, असा गावभर बोलबाला झाला. भज्यांची पहिली बशी दर वेळी वैदेहीला मिळायची आणि ती हक्काने खायची. सर पहिले पोचायचे, म्हणून त्यांची बशी शेवटची. तोपर्यंत भजी गार होत.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि शाळेला पन्नास वर्षं झाली. सव्वीस जानेवारीला विद्यार्थ्यांची सायकल फेरी काढायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी भरल्या सभागृहात जाहीर केलं, "सगळ्यात पुढे आपले गांगल सर! एक हात हँडलवर, एका हातात शाळेचा झेंडा!" टाळ्या कडकडल्या. दहावीच्या रांगेत वल्लरी बसली होती. ती मैत्रिणींना कोपरं मारत होती, 'बघा, माझे बाबा' अशा तोऱ्यात. सरांनी ते पाहिलं. गाव हसेल, हसू दे. विद्यार्थी चिडवतील, चिडवू दे. पण पोरीच्या मनातून आपण उतरणार, आणि तेही नऊ वर्षं तिला फसवलं म्हणून! हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

हातात बारा दिवस होते. सोनबाला गाठून ते पहाटे अर्ध्या चड्डीत सावित्रीकाठच्या माळावर जाऊ लागले. सोनबा मागून कॅरियर धरून पळायचा आणि ओरडायचा, "मास्तर, खाली काय बघताव? म्होरं बघा! पायडल मारा, पायडल!"

"सोडू नकोस रे!"

"सोडलंय कवाचंच!"

हे ऐकलं की सर आडवे. बारा दिवसांत त्यांना सरळ रेषेत चारशे पावलं जाता येऊ लागलं. वळायचं म्हटलं की पडत, आणि सायकलवर चढायला पायाखाली दगड लागे. एका हाताने चालवणं तर सोडाच. कोपर फुटलं तेव्हा न्हाणीघरात पाय घसरला म्हणून सांगितलं. सुनीतीने हळद लावली.

सव्वीस तारखेला सकाळी सर पांढरा शर्ट घालून अंगणात आले. खाली वाकून त्यांनी पँटला क्लिप लावली. सुनीती ओट्यावरून बघत होती. ती खाली आली, त्यांच्या पायाशी बसली, डाव्या पायाची क्लिप काढली आणि उजव्या पायाला लावली.

"साखळी उजवीकडे असते," ती हळूच म्हणाली. "पँट अडकते ती उजवी."

सरांनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

"नऊ वर्षं तुम्ही डाव्या पायाला लावताय. त्यातल्या एका रविवारी जरी सायकलवर बसला असतात, तरी पहिल्या दिवशी कळलं असतं."

"म्हणजे तुला... कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सोनबाचा टेम्पो काय तुमच्या पुण्याईने थांबत होता? वाटेत डेअरीपाशी भेटला, त्याला मीच सांगितलं, मागे सर येतायत, घेऊन ये. तेव्हापासून दर खेपेला आदल्या दिवशी निरोप धाडत होते. टेम्पो शेजारून गेला की घंटी कोण वाजवायचं?"

ती घंटी सरांनी ताडपत्रीखालून दर वेळी ऐकली होती. ते मटकन ओट्यावर बसले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. आणि खरं सांगू? दमून पोचलं की चहा तयार असायचा. मला ते बरं वाटायचं."

सरांच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. रडावं की हसावं ते त्यांना कळेना. पण निम्मं ओझं अजून आत होतं. त्यांनी वल्लरीला हाक मारली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टेम्पो, ताडपत्री, कपाळाला लावलेलं पाणी, काहीसुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

वल्लरीने विचारलं, "म्हणजे, भूगोल म्हणजे..."

"टेम्पो," सर म्हणाले.

ती हसायला लागली. इतकी हसली की तुळशीच्या कट्ट्याला टेकून खाली बसली. मग एकदम डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मला वाटायचं आमच्याबरोबर यायचा तुम्हाला कंटाळा येतो. म्हणून तुम्ही एकटे पुढे जाता."

हे मात्र सरांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. नऊ वर्षं ते आपली लाज सांभाळत बसले होते, आणि पोर आपल्या मनाला भलतंच लावून घेऊन शेजारच्याच खोलीत झोपत होती. ते उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "चला, उशीर होतोय. झेंडा कोण धरणार?"

झेंडा सरांनीच धरला. शाळेच्या फाटकातून फेरी निघाली तेव्हा सगळ्यात पुढे सुनीतीची सायकल होती आणि तिच्या कॅरियरवर, दोन्ही हातांनी झेंडा धरून, सर. आधी मुख्याध्यापकांना सरांनी सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एका हाताने झेंडा धरून सायकल मलाही जमली नसती, गांगल. माझंच चुकलं." मागे तीनशे मुलं घंट्या वाजवत होती. बाजारपेठेत बायका दारात आल्या, नवऱ्याला मागे बसवून बाई सायकल हाणतेय हे महाडने तोवर पाहिलं नव्हतं. एस.टी. स्टँडपाशी हवालदार उभा होता. डबलसीट म्हणजे पावती ठरलेली, पण त्याचाही मुलगा फेरीत होता. त्याने पाठ फिरवली आणि चवदार तळ्याकडून येणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे फार लक्षपूर्वक पाहत राहिला.

"जड होतोय का गं?" सरांनी विचारलं.

"नऊ वर्षं ओढतेय, सवय आहे. हलू नका," सुनीती म्हणाली.

वल्लरीची दहावीची परीक्षा संपल्यावर, मार्चअखेरच्या एका रविवारी मंडळ पुन्हा निघालं. कोपऱ्यावर सोनबाचा टेम्पो उभा होता. सरांनी उजव्या पायाची क्लिप नीट केली आणि हात हलवला. "जा रे तू पुढे!"

"बघा हां मास्तर, ऊन हाय!"

ऊन होतंच. सपाटीवर सर सायकल चालवत, समोरून गाडी दिसली की उतरत, चढ आला की उतरत, आणि उतार आला की भीतीने उतरत. थोडक्यात, बरीचशी वाट त्यांनी चालतच काढली. वल्लरी दोनदा मागे फिरून बघून गेली. "ठीक आहात ना?" "उत्तम!" आणि ते खरंच उत्तम होते. सायकलची घंटी ऐकून आता त्यांना ताडपत्रीखाली दडायचं नव्हतं.

साडेबारा वाजता ते पाचाडला पोचले. शर्टाला घाम खरा होता. मंडळ केव्हाचं येऊन बसलं होतं, पण साळूबाईने अजून कढई ठेवली नव्हती.

"वयनी म्हनाल्या, मास्तर आल्याबिगर तळायची नाय," ती म्हणाली आणि पहिला घाणा सोडला.

पहिली बशी निघाली तेव्हा सवयीने वैदेहीचा हात पुढे झाला. मग तिला आठवलं. तिने बशीकडे एकदा बघितलं, सुस्कारा सोडला आणि ती भावापुढे ठेवली. "घे बाबा. नियम तुझाच आहे."

सरांनी भजं उचललं. बोटं भाजली, जीभही भाजली. नऊ वर्षांत त्यांनी साळूबाईचं भजं गरम असं कधी खाल्लंच नव्हतं.